बटव्याचं वय वेगळं, कापडाचं वेगळं

मराठवाड्यातल्या जुन्या घरात पत्र्याची ट्रंक उघडली की साड्यांच्या खाली बराच किरकोळ कपडालत्ता निघतो. आजोबांचा जरीकाठी फेटा, लग्नातला शेला, हिमरूची शाल, खणाची चंची, गोंड्यांचा बटवा, कुणाची तरी रूमी टोपी. घरात विचारलं तर प्रत्येक वस्तूचं वय आधीच ठरलेलं असतं, ‘शंभर वर्षांपूर्वीची’. कापड कसलं म्हणून विचारलं तर तेही ठरलेलं, ‘प्युअर सिल्क’. उत्तरं खरीही असतील, पण ती तपासून घ्यायला फारसं काही लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, सुई, चिमटा, पांढरा कागद आणि खिडकीजवळचा उजेड एवढ्यावर बहुतेक काम होतं. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन फोटो काढावा आणि मोठा करून पाहावा.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की केलेली बरी. कापडाचं वय आणि वस्तूचं वय यांत अनेकदा दोन पिढ्यांचं अंतर असतं. आपल्याकडे जरीचं कापड कुणी टाकून देत नसे. लुगडं विरलं तरी पदर शाबूत असायचा, मग त्याचा शेला व्हायचा, शेल्याची बाळाची कुंची आणि उरल्यासुरल्या तुकड्याचा बटवा. तेव्हा बटव्याचं वय ठरवताना नुसता पदर पाहून चालत नाही.

समजा, हातात एक बटवा आहे. बाहेर पदराचा तुकडा, गर्द राणी रंगाच्या रेशमाचा, त्यावर जरीत मुनिया. आत फुलाफुलांचं अस्तर, तोंडाला टिचबटण. राणी रंग रासायनिक असेल तर तुकडा १८६०च्या पलीकडे जात नाही. अस्तराचा एक धागा जाळला आणि तो वितळून गोळा झाला, म्हणजे त्यात पॉलिस्टर आहे, आणि टेरीकॉट आपल्या बाजारात रुळलं ते साधारण १९६५ नंतर. आता टिचबटण. भिंगातून त्याच्या शेजारी जुन्या टाक्यांची रिकामी भोकं दिसतात, म्हणजे आधी तिथे आकडा किंवा कापडी बटण होतं आणि टिचबटण नंतर बसवलं. अस्तराच्या कडेला मात्र अशी रिकामी भोकं नाहीत, ते पहिल्यापासूनचंच आहे. निष्कर्ष निघतो तो असा की पदर आजीच्या सासूचा असू शकतो, बटवा मात्र १९६५ नंतर शिवलेला आहे. प्रत्येक खूण एवढंच सांगते की वस्तू याच्या आधीची नाही. मूळच्या भागांपैकी जो सगळ्यात नवा, तो वस्तूचं वय ठरवतो. पुढचं सगळं या हिशेबानं वाचावं.

छत्रपती संभाजीनगरच्या ट्रंकेत हिमरू निघणारच. जुन्या शहरात नवाबपुरा आणि जाफर गेट या भागांत हिमरूचे कारखाने होते, अजूनही थोडंफार काम चालतं. हिमरूची कथा मुहम्मद तुघलकापासून सांगतात. १३२७ मध्ये त्यानं राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, सोबत विणकर आले आणि राजधानी दिल्लीला परत गेली तरी ते इथेच राहिले. याच दमात दुकानातून असंही ऐकवलं जातं की मार्को पोलोला दख्खनमध्ये हिमरू भेट मिळालं होतं. मार्को पोलो १३२४ मध्ये व्हेनिसला वारला. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या मानायच्या तर हिमरू विणकरांच्या आधी येऊन पोचलं असं म्हणावं लागेल! शालीचं वय ठरवताना अशा कथा बाजूला ठेवाव्यात आणि शाल उलटी करावी.

हिमरूची सगळी हकीकत उलट्या बाजूला लिहिलेली असते. मूळ हिमरू म्हणजे सुती ताणा आणि नक्षीसाठी रेशमी बाणा. नक्षीचा रंगीत धागा जिथे वर लागत नाही तिथे तो मागून मोकळा तरंगत जातो. जुन्या चांगल्या शालीत हे तरंगते धागे इतके दाट असतात की मागची बाजू मऊ, जवळजवळ रुजाम्यासारखी लागते. शाल अंगाला ऊब देते ती या थरामुळे. भिंगाखाली धरली की उभा धागा जरा खरखरीत, बारीक तंतू बाहेर आलेला, चमक नसलेला दिसतो. तो सुती. आडवा रंगीत धागा पीळ नसलेला, चपटा आणि चमकदार असतो, तो रेशमी. नुसत्या डोळ्यांना हा फरक सरावानं कळतो, भिंगाला मात्र पहिल्याच दिवशी कळतो.

उलट्या बाजूला सगळे धागे एका रेषेत कापलेले दिसले, म्हणजे मागून कात्री किंवा यंत्र फिरवून तरंगते धागे छाटून टाकलेत, तर ते यंत्रमागाचं काम समजावं. काठ पाहिला की खात्री होते. हातमागावर धोटा उलट फिरतो तेव्हा आडवा धागा काठाला वळसा घालून परत येतो, म्हणून काठ बंद आणि किंचित वेडावाकडा असतो. आजच्या वेगवान मागांवर प्रत्येक आडवा धागा काठाशी तुटतो आणि तिथे झालर राहते किंवा काठ चिकटवलेला असतो. हातमागाच्या काठावर बहुधा ठरावीक अंतरावर टोचल्याची बारीक भोकंही दिसतात. विणताना कापड रुंदीत ताणून धरायच्या पट्टीच्या टोकांची ती भोकं. एक सावधगिरी मात्र हवी. धोट्याचा जुना यंत्रमागही बंद काठ देतो, तेव्हा बंद काठ म्हणजे हातमाग असं परस्पर ठरवू नये. भोकं, नक्षीतला एखादा चुकलेला धागा, दोन बुट्ट्यांमधलं कमीजास्त अंतर हे सगळं मिळून साक्ष देतं.

जाळ्यावर विणलेलं की जॅकार्डवर, हे तयार कापडावरून ओळखणं अवघड. जाळ्याच्या पद्धतीत एक जण मागावर बसून नक्षीच्या दोऱ्या ओढतो आणि दुसरा विणतो. जॅकार्ड फ्रान्समध्ये १८०४च्या सुमारास आलं, आपल्या हातमागांवर ते बऱ्याच उशिरा, विसाव्या शतकात रुळलं. दुकानदार ‘जाळ्याचं आहे’ म्हणाला तर पुरावा मागावा. नक्षीच्या विषयावरून मात्र थोडं कळतं. अजिंठ्याच्या भिंतींवरची कमळं आणि हंस ज्या शालीवर आहेत ती निजामपूर्व असण्याची गोष्ट सोडूनच द्यावी. बाहेरच्या जगाला अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये ठाऊक झाली आणि ती पाहायला पर्यटक यायला लागल्यावरच त्यांची नक्षी शालीवर विकायला काढण्यात अर्थ होता. पानं, बदाम, डाळिंब, जाळीदार वेल ही नक्षी त्याहून जुनी आहे, पण ती आजही विणतात, त्यामुळे तिच्यावरून काही ठरत नाही.

हिमरूच्या जोडीला मश्रू येतो. त्यात ताणा रेशमी आणि बाणा सुती, वीण सॅटिनची. बाहेर रेशमाची झळाळी, अंगाला लागतं ते सूत. पुरुषांनी अंगाला रेशीम लागू देऊ नये या धार्मिक संकेतातून सुचलेली ही हुशारी. ट्रंकेत तो बहुधा टोपीच्या, रजईच्या किंवा बटव्याच्या पट्ट्यांत सापडतो. दोन्ही बाजू सारख्याच चमकत असतील तर तो मश्रू नव्हे.

पैठणीचा शेला किंवा दुपट्टा ओळखायची खूण हिमरूच्या बरोबर उलटी. इथे मागे तरंगता धागा मुळीच नसतो. नक्षीतल्या प्रत्येक रंगासाठी वेगळी काडी, तो रंग आपल्या जागेपुरता विणला जातो आणि शेजारच्या रंगात अडकवून परत फिरतो, म्हणून पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा. मागे धाग्यांचं जाळं किंवा छाटलेली टोकं दिसली तर ती जॅकार्डची, बाजारात ‘सेमी पैठणी’ म्हणून मिळते ती. माधवराव पेशव्यांच्या पत्रात पैठणहून आसावली दुपट्टे मागवल्याचा उल्लेख आहे, लाल, हिरवे, केशरी, डाळिंबी आणि गुलाबी रंगांत. म्हणजे दुपट्टा ही पैठणीच्या घराण्यातली जुनी वस्तू. आसावली म्हणजे कुंडीतून उगवलेली फुलवेल. जुन्या पदरांत अशा वेलीफुलांचा भर असतो, मोठे ठसठशीत मोर अंगभर असले तर काम अलीकडचं असण्याची शक्यता जास्त. जुन्या पदराची जमीन जरीची असते आणि रेशमाची नक्षी तिच्यात मीनाकामासारखी बसवलेली. जरीची जमीन विरळ आणि रेशमी पाया मधूनमधून डोकावतो असं असेल तर जर वाचवलेली आहे, हे नव्या कामाचं लक्षण. तुलनेसाठी अस्सल नमुना पाहायचा तर छत्रपती संभाजीनगरातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुनी पैठणी आहे, आणि पैठणला बाळासाहेब पाटील संग्रहालय आहे. जाताना घरच्या शेल्याचे दोन्ही बाजूंचे फोटो मोबाइलमध्ये असले की तिथल्या तिथे ताडून पाहता येतं.

जर हा सगळ्यात बोलका साक्षीदार. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून वर सोन्याचं पाणी. सुटलेल्या टोकाशी सुईनं तार जरा उलगडली की आतला धागा दिसतो, बहुधा पिवळा किंवा लालसर रंगवलेला. चांदी हवेनं काळवंडते, म्हणून जुनी खरी जर काळपट, तपकिरी दिसली तर नाराज व्हायचं कारण नाही. तार घासल्यावर आतून तांबूस झाक आली किंवा घडीत हिरवट डाग दिसले तर आत तांबं आहे, म्हणजे नकली जर. आणि पन्नास वर्षांनीही लख्ख चमकणारी, कधीच न काळवंडणारी, वाकवली की कुरकुरणारी जर ही प्लास्टिकची. धातूचा मुलामा दिलेली प्लास्टिक फिल्म दुसऱ्या महायुद्धानंतरची. तिचा मुलामा उडाला की खाली पारदर्शक पट्टी राहते, ती भिंगात लगेच दिसते. पक्कं उत्तर हवं असेल तर सराफ्यात जावं. सोनं तपासायचं क्ष-किरणांचं यंत्र आता बऱ्याच पेढ्यांत असतं, ते कापडाला धक्का न लावता चांदी, तांबं, सोन्याचं प्रमाण सांगतं.

सराफ्यात जर विकून टाकायचा मोहही होतो. ‘जुनी जर घेतो’ म्हणत दारावर येणाऱ्यांनी आणि स्टीलची भांडी देणाऱ्या बोहारणींनी मिळून मराठवाड्यातले किती पदर भट्टीत घातले याला गणती नाही. चांदी तोळ्यावर मोजली गेली, विणकाम फुकटात जळलं. जर खरी निघाली तर वस्तू विकायची घाई करू नये.

धागा जाळून पाहणं ही जुनी आणि खात्रीची परीक्षा, पण वस्तू न जाळता करायची. आतल्या शिवणीतून किंवा फाटक्या टोकातून दोन सेंटिमीटरचा उभा धागा आणि तेवढाच आडवा धागा वेगवेगळा काढावा. हिमरू-मश्रूमध्ये तर दोन्ही वेगळे तपासल्याशिवाय काहीच कळत नाही. चिमट्यात धरून बशीवर पेटवावा. सूत भराभर जळतं, कागद जळाल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते. रेशीम आणि लोकर सावकाश जळतात, ज्योत काढली की विझतात, केस जळल्यासारखा वास, मागे राहतो तो काळा गोळा चिमटीत चुरडतो. पॉलिस्टर आणि ॲक्रिलिक वितळतात, उरलेला गोळा कडक असतो आणि चुरडत नाही. गेल्या काही दशकांत सत्कारांत मिळालेल्या शाली या परीक्षेत झटपट निकाल देतात!

फसवतो तो व्हिस्कोस, म्हणजे ‘आर्ट सिल्क’. रेशमासारखा चमकतो आणि सुतासारखा जळतो. त्याचं पेटंट १८९२चं, आपल्या खणांत आणि शालींत तो दोन महायुद्धांच्या मधल्या काळापासून शिरला. त्याला पकडायची युक्ती सोपी आहे. धागा जिभेवर ओला करून ताणावा. ओला व्हिस्कोस चटकन तुटतो, सूत ओलं झाल्यावर उलट दमदार होतं. रेशमाची शंका उरलीच तर धागा घरातल्या क्लोरीनच्या ब्लीचमध्ये टाकावा. रेशीम आणि लोकर काही वेळात विरघळून जातात, सूत आणि व्हिस्कोस तसेच राहतात. हातमोजे घालावेत आणि बाटली ट्रंकेपासून लांब ठेवावी.

रंगांकडे वळताना तीन तारखा लक्षात ठेवल्या की पुरे. पहिला रासायनिक रंग, जांभळा मॉव्ह, विल्यम पर्किननं १८५६ मध्ये लंडनमध्ये काढला, पाठोपाठ राणी रंगाचा मॅजेंटा आला. मंजिष्ठेच्या लालाची कृत्रिम आवृत्ती १८६९च्या सुमारास बाजारात आली, कृत्रिम नीळ १८९७ मध्ये. भडक जांभळा किंवा विजेसारखा राणी दिसला तर कापड यांतल्या पहिल्या तारखेच्या आधीचं नाही. रंग जातो म्हणून जुना, हा समज मात्र चुकीचा. सुरुवातीचे रासायनिक रंग पाण्यात जायचे, करडईच्या फुलांचा कुसुंबी रंगही जायचा आणि आजचा स्वस्त रंगही जातो. त्यापेक्षा काळा रंग पाहावा. लोखंड घालून केलेला जुना काळा आणि गडद तपकिरी धाग्याला हळूहळू कुरतडतो. फुलांच्या काळ्या कडाच तेवढ्या झिजून गेल्यात आणि शेजारचा लाल, हिरवा धडधाकट आहे, असं दिसलं तर ती वयाची चांगली खूण.

अतिनील टॉर्च, नोटा तपासायला वापरतात ती, अंधारात मारली की काही पांढरे धागे निळसर उजळतात. उजळपणा आणणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर पसरली. पण जुना शेला कुणी कधी आधुनिक पावडरीत धुतला असेल तर तोही उजळतो. न उजळणं हीच त्यातल्या त्यात उपयोगी साक्ष.

आता मराठवाड्यापुरती खास गोष्ट. इथे कापडापेक्षा कागद जास्त बोलतो. टोपीच्या आतली चिठ्ठी, फेट्याच्या थानावरचा शिक्का, घडीत राहिलेली पावती, वहीतली लग्नखर्चाची नोंद, हे काही फेकू नये. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, मग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. पत्त्यात ‘हैदराबाद दख्खन’ आहे की ‘मुंबई राज्य’ आहे, यावरून काळाचा ढोबळ टप्पा ठरवता येतो. पावतीवर ‘हाली’ रुपये असतील तर ते निजामाचं नाणं, ते १९५९ पर्यंत चाललं. आणे-पै असतील तर १ एप्रिल १९५७च्या आधीचा हिशेब, ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ मधला. थानावर गज किंवा वार आहेत की मीटर? मीटर १९६०च्या आसपास आले. सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची वस्तू. सिल्क मार्कची पट्टी २००४ नंतरची, हँडलूम मार्कची २००६ नंतरची. पत्ता ‘छत्रपती संभाजीनगर’ असा छापलेला असेल तर वस्तू बहुधा २०२३च्या नामांतरानंतरची. जुनी म्हणून कुणी विकू पाहत असेल तर हसून सोडून द्यावं.

जुन्या वहीत फसली सन दिसेल. निजामाच्या राज्यात सरकारी आणि सावकारी हिशेब फसलीत चालत. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, एखाद्या वर्षाच्या फरकानं. फसली १३४० म्हणजे १९३०-३१. शके असतील तर ७८ मिळवावेत. ‘शालजोडी, रु. ४५ हाली, फ. १३४८’ अशा थाटाची नोंद सापडली तर भिंगापेक्षा ती मोलाची, मात्र ती याच शालजोडीची आहे हे रंग, लांबी आणि काठ यांच्याशी ताडून घ्यावं.

शिवणीतून थोडं कळतं. हाताचे टाके कमीजास्त लांबीचे, यंत्राचे एकसारखे. शिवणयंत्रं घराघरांत आली ती विसाव्या शतकात, पण हाताची शिवण आजही होते, त्यामुळे तिच्यावर भिस्त ठेवू नये. टिचबटण १८८५च्या सुमारास जर्मनीत निघालं. आजच्या धर्तीची चेन १९१७च्या पेटंटनंतरची, नायलॉनची चेन साधारण १९६०च्या पुढची. आतल्या कडेला ओव्हरलॉकचे टाके असतील तर निदान ते काम अलीकडचं.

तपासणी झाली की जे ठरलं ते कागदावर लिहून वस्तूसोबत ठेवावं. कापड कुठलं, कोणत्या खुणांवरून, वस्तू कुणाची, कुणी सांगितलं. वस्तूवर पेन चालवू नये, पिन टोचू नये. जरीच्या वस्तू धुतलेल्या मलमलीत, प्लास्टिकशिवाय ठेवाव्यात. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नयेत. शाल-शेला कायम एकाच घडीत राहिला की घडीवर चिरतो, म्हणून नळीवर गुंडाळणं उत्तम.

शंभर वर्षांचा हिशेब खरोखरच जमला तर कायद्याचीही माहिती हवी. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. लेकीला किंवा सुनेला पणजीचा शेला परदेशी पाठवायचा असेल आणि त्याच्या वयाबद्दल विमानतळावर प्रश्न निघण्याची शक्यता असेल, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून तो पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्यांचं मंडळ कार्यालय छत्रपती संभाजीनगरातच आहे. अर्जासोबत दोन्ही बाजूंचे फोटो, मापं आणि वर सांगितलेली टिपणं जोडावीत.